रंगाखालची रेघ

ज्या विमानाच्या कुशीत मी साडेचार चौरस मीटरचं भोक पाडलं, त्याला मी आजवर हात लावलेला नाही. विमान सातासमुद्रापार एका हँगरमध्ये उभं होतं आणि मी बडोद्यात, गोत्री रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन स्क्रीनसमोर. खाली शेव-उसळीची गाडी लागते. संध्याकाळी पाचनंतर तर्रीचा वास वर आला की समजायचं, तिकडची माणसं आता कामावर येतील आणि प्रश्न सुरू होतील.

काम असं. प्रवासी वाहून थकलेलं प्रादेशिक जेट घ्यायचं, आतलं सगळं उपसून काढायचं, पुढच्या डाव्या बाजूला मोठं दार बसवायचं आणि त्याचं मालवाहू विमान करायचं. मी स्ट्रेस इंजिनिअर, म्हणजे कुठला भाग किती भार सोसेल ते आकड्यांत दाखवून देणारी. विमानाचं आणि कंपन्यांची नावं सांगणार नाही. तसा करार आहे. शिवाय पुढे ज्या घोळाबद्दल लिहिलंय, त्यात थोडा वाटा माझाही आहे.

बडोद्यात 'विमानाचं काम करते' असं म्हणायची हल्ली सोय राहिलेली नाही. २८ ऑक्टोबर २०२४ ला मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ येऊन टाटांच्या सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन करून गेले. ५६ पैकी ४० विमानं इथे बनणार हे आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात सगळ्यांना पाठ आहे. शेजारच्या काकू दर चार दिवसांनी विचारतात, "टाटांकडे ना गं तू?"

"नाही काकू. मी जुनी विमानं उसवते."

"भंगारासाठी?"

"सामान न्यायला."

"नवं करायचं सोडून जुन्यात कशाला जीव घालता बाई."

काकूंचा प्रश्न तसा बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर हिशेबात आहे. नवं विमान इतकं महाग असतं की ते दिवसाचे दहा-बारा तास उडालं तरच परवडतं. कुरिअरचं विमान रात्री एक-दोन फेऱ्या मारतं आणि दिवसभर उभं राहतं. त्याला पंधरा-वीस वर्षं वापरलेलंच परवडतं. इंधन थोडं जास्त खाल्लं तरी चालतं. मोठ्या विमानांचं असं रूपांतर कितीतरी वर्षं चाललंय. बोइंग ७३७-८०० चं मालवाहू केलं की तेवीस टनांच्या आसपास माल नेतं. खालच्या टोकाला एटीआर-७२ सारखी पंख्याची विमानं, आठ-नऊ टनांची. मधली जागा बराच काळ रिकामी होती. पन्नास आसनांच्या सीआरजे-२०० ला दार बसवायला आधीच सुरुवात झाली होती, पण ते एटीआरपेक्षाही कमी नेतं. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीनं २०२२ साली ई-१९० आणि ई-१९५ चं रूपांतर जाहीर केलं. पहिल्या ई-१९० मालवाहूचं उड्डाण एप्रिल २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये झालं. त्याची क्षमता तेरा टनांच्या घरातली. कोरोनात सगळं जग घरबसल्या खरेदी करत होतं, तेव्हा अशा कामांची रांग लागली होती. मग मालवाहतुकीचे दर उतरले आणि आमच्याच टेबलावरून दोन प्रकल्प गुंडाळले गेले. उरलेल्यातला एक माझ्या वाट्याला आला.

दार कापणं फार पुढची गोष्ट. सुरुवात होते फोल्डरनं. विमान अजून प्रवासी घेऊन उडत असतं, तेव्हाच कुणीतरी रात्रीच्या मुक्कामात जाऊन पाहणी करतं, फोटो काढतं आणि विमानाच्या दुखण्यांचं रजिस्टर स्कॅन करून पाठवतं. प्रत्येक विमानाचं असं रजिस्टर असतं: इथे बेल्ट लोडर आदळला, इथे केटरिंगचा ट्रक घासला, इथे गारांचे पोचे, इथे ठिगळ. बहुतेक घाव दारांच्या आसपास सापडतात, कारण गाड्या तिथेच येऊन लागतात. आणि आमचं नवं दार नेमकं त्याच भागात येतं.

माझ्या फोल्डरमध्ये ६३८ फोटो होते. दोन दिवस मी ते बघत बसले. बाहेरून रंग, आतून गाद्यांसारखं इन्सुलेशन. खुर्च्या आणि भिंतीचे पत्रे जागेवरच होते, त्यामुळे आतली खरी हाडं कुठे दिसतच नव्हती. एका फोटोत निळ्या पट्ट्याच्या खाली केसाएवढी सरळ रेघ होती. रंगाऱ्याच्या चिकटपट्टीची खूण असणार, असं म्हणून मी पुढे गेले. त्या फोटोचा नंबर आता मला कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल: २१२.

आता दाराबद्दल, कारण सगळा जीव तिथेच अडकलेला असतो.

विमानाचं धड म्हणजे एक पातळ टोपली. गोल कड्या म्हणजे फ्रेम, लांबीला धावणाऱ्या पट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर, आणि त्यावर दीडेक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा. वर गेल्यावर आतली हवा ही टोपली फुगवायला बघते. आत-बाहेरच्या दाबातला फरक आठ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला आठ पौंड, धरला तर दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून जास्त जोर होतो. साडेचार चौरस मीटरच्या दारावर पंचवीस टन. बडोद्यात एके काळी साठमारी व्हायची, हत्तींच्या झुंजी. त्यातले पाच-सहा हत्ती आतून दाराला रेलून उभे आहेत असं समजा. ते दर उड्डाणाला येतात आणि दर उतरण्याला जातात. आणि दार बसवण्यासाठी आम्ही काय करतो? तर टोपलीच्या कड्याच तोडतो.

तोडलेल्या कड्यांचा भार कुठेतरी जायलाच हवा. म्हणून भोकाभोवती जाड चौकट येते: वर-खाली तुळया, दोन्ही बाजूंना भारी फ्रेमा, आणि पत्र्यावर बाहेरून दुसरा पत्रा, ज्याला आम्ही डबलर म्हणतो. कोपरे गोल ठेवायचे. का, ते या धंद्यात पहिल्याच आठवड्यात सांगतात. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एका कॉमेटचं धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब देऊन पाहिलं, तेव्हा कळलं की कापलेल्या भोकांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकतो आणि चीर तिथून धावते. माझ्या आयुष्यातले चार महिने चार कोपऱ्यांत गेले. आई विचारायची, "झालं का दार?" मी म्हणायचे, "वरचा मागचा कोपरा राहिलाय."

दार नीट लागणं ही आणखी वेगळी कटकट. प्रवासी दार बरेचदा आतल्या दाबानं स्वतःच चौकटीत घट्ट बसतं. मालाचं मोठं दार बाहेर, वरच्या दिशेला उघडतं, म्हणजे हत्ती त्याला उघडायलाच बघतात आणि सगळी भिस्त दार अडकवणाऱ्या कड्यांवर, म्हणजे लॅचवर. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ डीसी-१० पडलं, ३४६ माणसं गेली, ते मालाच्या दाराच्या कड्या पूर्ण न लागल्यामुळे; बाहेरून हँडल मात्र बंद दिसत होतं. म्हणून आता प्रत्येक कडी लागल्याचं डोळ्यांनी बघता यायला हवं, आणि दार नीट लागलं नसेल तर विमानात दाबच भरला जाऊ नये, अशी यंत्रणा लागते. हा भाग माझ्याकडे नव्हता, पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याकडे होता. त्याला रात्री हँडलची स्वप्नं पडायची.

बाकीचं भराभर सांगते. खिडक्यांच्या जागी पत्र्याची झाकणं. जमिनीवर रुळांची पट्टी, कारण माणसांचं वजन खुर्च्यांवर विखुरलेलं असतं आणि मालाचं एका जागी बसतं. कॉकपिटच्या मागे भिंत. विमान कुठे आदळलं तर माल नऊपट जोरानं पुढे येईल असं धरून ती बांधायची, म्हणजे दहा टनांमागे नव्वद टन. या भिंतीबद्दल मी घरी बोलले आणि आईनं भलतंच विचारलं.

"आणि मालाला आग लागली तर? मागे तर कोणीच नसणार."

"धूर कळायची यंत्रणा असते."

"आणि मग विझवायची कशी?"

"विझवत नाहीत. मालाकडे जाणारी हवा तोडतात, दाब उतरवतात. वैमानिक मास्क लावतात. उंचावर हवा विरळ, आग गुदमरते."

"म्हणजे शेगडीवर झाकण."

"हो."

"आणि नाही गुदमरली तर?"

मी ताट उचललं आणि उठले. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या मालवाहू ७४७ मधल्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या आणि कॉकपिट धुरानं भरलं. दोघेही वैमानिक गेले. आग-धूर अडवणाऱ्या आतल्या अस्तराच्या सांध्यांचा तपासणी अहवाल मला पूर्वी कंटाळवाणा वाटायचा. आता वाटत नाही.

तर १४ जानेवारी. बडोद्यात उत्तरायणाला काम करणारा माणूस एक तर डॉक्टर असतो किंवा त्याचं काहीतरी चुकलेलं असतं. आम्ही सगळे गच्चीवर होतो. आईचा तिळगूळ, शेजारचं उंधियू, चहूबाजूंनी 'काप्यो छे'चा आरडाओरडा. भाचा पतंग उडवत होता आणि मी फिरकी धरली होती. साडेसात-आठला, अंधार पडल्यावर, फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

हँगरमधला स्ट्रक्चरचा मुख्य माणूस एरवी मोजकं बोलतो. त्यानं सांगितलं की दाराभोवतीचा रंग खरवडून काढला, भोकांचा साचा पत्र्यावर ठेवला, आणि साच्यातली सात भोकं भलत्याच ठिकाणी येतात. फोटो पाठवतो म्हणाला.

फोटो आला. उघड्या, चकचकीत पत्र्यावर फूटभर लांबीचं एक चौकोनी ठिगळ, पृष्ठभागाशी इतकं सपाट की रंगाखाली दिसूच नये. कुणीतरी पूर्वी पत्रा कापून नवा तुकडा बसवला होता आणि आतून डबलर लावला होता. ठिगळाच्या कडेला जुन्या रिव्हेटांची रांग, आणि तिच्यावर आमच्या साच्याची भोकं. एका भोकाचा मध्य जुन्या भोकाच्या मध्यापासून चार मिलिमीटरवर. दोन्ही भोकं पावणेपाच मिलिमीटरची, म्हणजे ड्रिल चाललं असतं तर ती एकमेकांत शिरून इंग्रजी आठचा आकडा झाला असता. दोन भोकांच्या मध्यांत व्यासाच्या चौपट अंतर ठेवायचं, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही माहीत असतं.

"आत्या, ढील दे ना!" भाचा ओरडत होता. मी फिरकी काकूंच्या हातात दिली आणि खाली येऊन लॅपटॉप उघडला. २१२. झूम केलं. निळ्या पट्ट्याखालची ती रेघ आणि ठिगळाची वरची कड, दोन्ही तंतोतंत एक.

रजिस्टरात ते ठिगळ होतं. नव्हतं असं नाही. पण एका फ्रेमनं पुढे लिहिलं होतं, म्हणजे खऱ्या जागेपासून अर्धा मीटर दूर, आमच्या डबलरच्या बाहेर. कुठल्याशा विमानतळावर, कुठल्याशा वर्षी, रात्री तीनला थंडीत कुणीतरी फ्रेमा मोजताना एक चुकला. त्या माणसाचा मला राग येत नाही. मी मात्र एसीत बसून, चहा पीत, तोच भाग बघितला होता.

आमचे लीड मूळ नागपूरचे, वीस वर्षांपासून बडोद्यात. त्यांना फोन केला.

"सर, २१२ नंबरचा फोटो उघडता का?"

जरा वेळानं आवाज आला. "हे तू पाहिलं होतं?"

"हो."

"मग?"

"रंग वाटला."

बराच वेळ पलीकडून नुसता गच्चीवरच्या भोंग्याचा आवाज. मग म्हणाले, "उद्या वासी उत्तरायण आहे, ऑफिसात कुत्रं येणार नाही. आपण दोघं येऊ. आता काय करून राहिली तू? जेव आणि झोप."

पंधराला आम्ही दोघं ऑफिसात. खिडकीबाहेर कापलेले मांजे लोंबत होते. पर्याय तीन होते. दार सरकवणं अशक्य, कारण दार आणि चौकट तयार होऊन हँगरमध्ये पडली होती. जुनं ठिगळ ठेवून आमची भोकं इकडेतिकडे हलवणं सोपं होतं आणि हँगरची तीच इच्छा होती. पण त्या ठिगळानं आजवर किती उड्डाणं सोसली याचा धड हिशेब नव्हता, आणि त्याच्यावर हत्ती उभे करायला सर तयार नव्हते. उरलं तिसरं: ठिगळ उसवून काढायचं, तिथे मूळ जाडीचा नवा तुकडा बसवायचा आणि आमचा डबलर एक फ्रेम पुढे वाढवून सगळं त्याच्याखाली घ्यायचं.

कागदावर हे तीन ओळीत मावतं. पण डबलर वाढला की भाराची वाट बदलते, आणि चीर कुठून सुरू होईल, किती उड्डाणांत किती वाढेल, ती दिसण्याजोगी कधी होईल आणि धोक्याची कधी, हा सगळा हिशेब पुन्हा. खालचा सांधा आता डबलरखाली झाकला जाणार, डोळ्यांनी दिसणार नाही. म्हणून पुढे दर तपासणीत तिथे एडी करंटचं यंत्र, म्हणजे न दिसणारी चीर विजेच्या प्रवाहानं शोधणारं यंत्र, फिरवावं लागेल, हे देखभालीच्या पुस्तकात घालायचं. मग मान्यतेचा अधिकार असलेल्या माणसाची सही. ती मिळेपर्यंत विमान टेकूंवर उभं, धडाला खालून आधार दिलेला, कारण अर्धवट उघडलेली टोपली वाकू नये.

नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत किती ई-मेल आल्या आणि प्रत्येकीत किती जणांना प्रत गेली, ते सांगत नाही. सारांश एवढाच होता की चूक नेहमी शेवटच्या माणसाची असते, आणि शेवटचं ड्रॉइंग आमचं होतं. बिलातून पैसे कापले गेले. जुन्या मालकाच्या रजिस्टराबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. मला ते अजून खुपतं. पण २१२ मध्ये ती रेघ आहे, त्यामुळे फार तोंड वर करून बोलताही येत नाही.

नव्या डबलरचं वजन साडेतीन किलो वाढलं. ते मी वजनाच्या गटाला कळवलं, तेव्हा भाच्याचा पतंग आठवला. मी फोनवर होते तेवढ्यात त्याचा एक पतंग फाटला होता. काकूंनी गुंदरपट्टी ओली करून चिकटवून दिली, चांगली मोठी, कौतुकानं. पतंग उडेना; एका अंगाला झुकून गिरक्या खायला लागला. मग पोरानं दुसऱ्या अंगालाही पट्टी लावली, किन्ना पुन्हा बांधला. (पुण्याचा सहकारी कण्णी म्हणतो. आम्ही किन्नाच म्हणणार.) विमानात साडेतीन किलोंनी काही झुकत नाही, पण प्रत्येक किलोची जागा लिहावी लागते. खुर्च्या, स्वयंपाकघर, संडास सगळं निघालेलं, पुढे जड दार आलेलं. जुना तोल उरलेलाच नसतो. त्यात माल पुढच्या दारातून चढतो आणि पहिला नग रुळांवरून थेट शेपटीकडे जातो. पुढचा भाग रिकामा असताना विमान मागे बसू नये म्हणून भरताना शेपटीखाली टेकू लावायचा असतो. तो विसरला की विमान नाक वर करून बसतं. असे फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरतात आणि आम्ही हसतो, कारण ते आमचं विमान नसतं.

दाबाची चाचणी मी व्हिडिओ कॉलवर ऐकली. ऐकली म्हणते, कारण दिसत काहीच नव्हतं; हँगर रिकामं केलेलं, कॅमेरा लांब. पंपाची घरघर, मध्येच पत्र्याचा टक् असा आवाज. पहिल्या टक्ला मी खुर्चीची कड घट्ट धरली. सर म्हणाले, "बसते आहे ती. नवी शिवण बसते." दाब ठरल्याइतका चढला, तिथेच धरला, आणि जितका गळायला हवा त्याहून जरा जास्त गळाला. दाराशी तपासलं, काही नाही. ठिगळाशी तपासलं, काही नाही. गळत होतं उजवीकडच्या एका खिडकीच्या झाकणातून, जिथे सीलंट नीट भरलं नव्हतं. त्या झाकणाचं ड्रॉइंग आमचं नव्हतं. सर काही बोलले नाहीत, पण खाली जाऊन दोघांसाठी शेव-उसळ घेऊन आले.

मार्चमध्ये दुसऱ्या विमानाचा फोल्डर आला. ५७१ फोटो. या वेळी पहिले तीन दिवस मी रजिस्टर उघडलंच नाही. आधी फोटो, प्रत्येक पट्ट्याच्या कडेनं, झूम करून, सरळ रेघ दिसली की लाल गोल. चौथ्या दिवशी संध्याकाळी रजिस्टर उघडून ताडून पाहिलं आणि सरांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले.

"रजिस्टरात तीन ठिगळं आहेत सर."

"आणि फोटोत?"

"पाच."